काही काम नव्हतं, सहज आलो

सहजच

हल्ली दाराची बेल वाजली की मी आधी ओटीपी शोधतो. कुरियर, किराणा, गॅस, नाहीतर सोसायटीची वर्गणी, यांतलंच काहीतरी असणार हे ठरलेलं. चपला काढता काढता ‘काही काम नव्हतं, सहज आलो’ म्हणणारा माणूस शेवटचा कधी आला होता ते काही केल्या आठवेना, म्हणून हा धागा.

बिनकामाच्या भेटींबद्दल लिहा. बिनकामाचे फोन आणि बिनकामाच्या फेऱ्याही चालतील. अटी तीनच. लग्न, बारसं, वाढदिवस नको. तिथे आपण आहेर घेऊन गेलेलो असतो. एकसारखे टी-शर्ट घालून केलेलं शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलनही नको, त्याला सहा महिने आधी समिती नेमावी लागते आणि समितीत भांडणं होतात. आणि ‘आमच्या वेळी माणुसकी होती हो’ हे वाक्य लिहायचं नाही. त्या वेळीही पाहुणा गल्लीत दिसला की काही लोक मागच्या दाराने सटकायचेच.

चौथी सीट

लोकलवाल्यांना माझं नाव कळेल. तिघांच्या बाकावर जो चौथा टेकतो, त्याचं निम्मं अंग हवेत असतं आणि एक पाय कायम लोकांच्या वाटेत. माझी सगळी नोकरी त्या जागेवर झाली. अंबरनाथ ते दादर, सकाळची फास्ट. निवृत्त झालो तेव्हा ग्रुपने गाडीतच शाल-श्रीफळ दिलं. शाल पांघरायला हात वर करायची सोय नव्हती, म्हणून ती डोक्यांवरून पुढे पुढे येत माझ्यापर्यंत पोचली. नारळ मागेच राहिला. तो कुणी फोडला ते अजून कळलेलं नाही.

घरी बसल्यावर सुरुवातीला बरं वाटलं. मग लक्षात आलं की सकाळी साडेआठला आपल्याला कुणी ‘काका, जरा सरका’ म्हणत नाही. बायको म्हणेल म्हणावं, तर घरात जागा भरपूर.

आता मधूनच एखाद्या दिवशी, डबा नाही, बॅग नाही, तिकीट काढून तीच गाडी पकडतो. डब्यात शिरलो की ओरडा होतो, ‘अरे, साहेब कामावर आले!’ पूर्वी पत्ते ब्रीफकेसवर पडायचे. आता ब्रीफकेस कुणाकडेच नसते, चौघांच्या मांड्यांवर सॅक आडवी टाकतात. बाकी विषय तेच. कुणाच्या मुलीचा बारावीचा निकाल, मेगाब्लॉक, आणि कल्याणला चढणाऱ्या त्या एका माणसाचा डबा आज कशाचा आहे. मला सीट द्यायला कुणीतरी उठतो, मी नको म्हणतो, आणि कडेला माझ्या हक्काच्या अर्ध्या जागेवर टेकतो.

दादरला उतरून पूल ओलांडायचा, एक कटिंग मारायचा आणि अंबरनाथकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. त्या वेळी ती जवळजवळ रिकामी असते. खिडकी मिळते, तीही वाऱ्याच्या दिशेची. नोकरीत कधी मिळाली नाही ती.

दसऱ्याच्या आधी डब्याची पूजा असते. झेंडूच्या माळा लागतात, आरती होते, पेढे वाटतात. त्या दिवशीही जातो, पण तेव्हा मला बोलावणं असतं. धाग्याच्या नियमात बसत नाही, म्हणून ती फेरी सोडून द्या.

विरजण

पुरुषांचं बरं आहे. ‘सहज आलो’ म्हटलं की चहा मिळतो. आमच्या चाळीत बाईमाणसाला ‘सहज’ म्हणून घराबाहेर पडायची सोयच नव्हती. हातात काहीतरी लागायचं. म्हणून वाटी.

आई शेजारच्या काकूंकडे विरजण आणायला जायची. विरजणाला लागतं चमचाभर दही, आईला लागायचा पाऊण तास. आमच्याकडे विरजण रोज संपायचं. काकूंकडेही संपायचं. दोन्ही घरांत दूध भरपूर, दही भरपूर, विरजण तेवढं नाही. बाबांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. ते पेपरमागून एवढंच विचारायचे, ‘मिळालं?’

त्यात पुन्हा वाटी रिकामी परत करायची नाही हा कायदा. म्हणजे वाटी द्यायला आईची एक फेरी, तिच्यात दोन बेसनाचे लाडू. मग त्या लाडवांची वाटी परत करायला काकूंची फेरी, तिच्यात लिंबाचं लोणचं. ही देवघेव कुणी सुरू केली आणि शेवटचं देणं कुणाचं, याचा हिशोब लागणं शक्यच नव्हतं. लागला असता तर फेऱ्या बंद पडल्या असत्या.

मी आता चिपळूणला असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमचं फावलं. आम्ही तिघी मैत्रिणी दुपारची जेवणं उरकली की गुहागरची गाडी पकडतो. समुद्रावर सुरूच्या बनात चादर टाकून बसतो. एक आडवी होते, एक पायांत वाळू भरून घेते, मी पोह्याचे पापड काढते. उन्हं उतरली की परत. एकदा कंडक्टरने विचारलं, ‘काय, व्याडेश्वराला का?’ मैत्रीण म्हणाली, ‘नाही हो, झोपायला.’ त्याने मान वर करून आमच्याकडे नीट पाहिलं आणि तीन अर्धी तिकिटं दिली.

घरी अजून आम्ही सांगतो की सुकी मासळी बघायला चाललोय. कधी कधी आणतोही थोडी, पुरावा म्हणून.

सहजच

विरजण, चालेल. निमित्त म्हणजे काम नव्हे. पापडांची जास्त माहिती द्यावी.

पेल्यात फेस

आमच्या कोल्हापुरात कोण कुणाच्या घरात शिरत न्हाई, कट्ट्यावर भेटतोय. आमचा गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी तिथंच बांधलेल्या, तुमच्यासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात. तापवायचं न्हाई, साखर न्हाई, वेलची-बिलची तर न्हाईच. एकदा पुण्याचा एक पाहुणा आणला हुता. त्यानं विचारलं, ‘हे पाश्चराइज्ड आहे का?’ म्हशीनंच मान वळवून बघितलं त्याच्याकडं.

आम्ही पाच-सहा जण. एक मास्तर, एकाचं भांड्याचं दुकान, एक शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत. फौंड्रीवाला शिफ्ट करून येतोय, अंगाला भट्टीचा वास, आल्या आल्या गार पाणी मागतोय आणि मग दूध. पेला संपायला दोन मिनिटं पुरतात, पण तासभर कोण हलत न्हाई. ‘चला, निघूया’ असं कोणतरी म्हणतं. मग समदी आपापल्या गाडीवर बसतात, किक मारतात आणि गाडी चालू ठेवून खरा विषय काढतात. कुणाच्या घरी काय बिनसलंय, कुणाला पैशाची अडचण हाय, ते सगळं गाडीवर बसल्यावरच निघतंय. बसून बोलायची भीती वाटत आसंल. पेट्रोल जळतंय ते जळू दे.

आधी फोन करा

सूर बघून जरा भीतभीतच लिहितेय. मला ‘सहज आलो’वाली माणसं आवडत नाहीत. म्हणजे माणसं आवडतात, ते ‘सहज’ आवडत नाही. सोफ्यावर घड्या न घातलेले कपडे असतात, मी गाऊनमध्ये असते, आणि नेमकी तेव्हाच आयुष्यात एकदा म्हणून दुपारची झोप लागलेली असते. मग तो कपड्यांचा ढीग उचलून बेडरूममध्ये फेकायचा आणि दार उघडून ‘अय्या, तुम्ही!’ म्हणायचं. या ‘अय्या’ला फार ताकद लागते.

माझी एक मैत्रीण माझ्याच जातकुळीची आहे. आम्ही ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात भेटतो. १८९३ सालची संस्था आहे, आमच्या दोघींच्या पणज्यांहून जुनी असेल. समोरासमोर बसतो. ती तिचं वाचते, मी माझं. बोलायचं नसतं, त्यामुळे ‘आणखी काय?’ हा भयंकर प्रश्न येत नाही. मधेच ती पुस्तक माझ्याकडे सरकवते आणि एका ओळीवर बोट ठेवते. मी वाचते आणि हसू दाबते. पलीकडचे आजोबा चष्म्यावरून बघतात. दोन तासांत एवढाच संवाद. खाली उतरल्यावर उसाचा रस प्यायचा, आलं-लिंबू घालून, बर्फ कमी. माझ्या ओळखीत हिच्याइतकं मला ओळखणारं दुसरं कुणी नाही.

ही भेट बिनकामाची आहे, पण ठरवून असते. बाद करणार असाल तर करा.

चौथी सीट

बाद कशाला? आमच्या ग्रुपमध्येही एक जण कर्जतहून येतो, डोळे मिटून बसतो आणि भायखळ्याला उतरतो. इतकी वर्षं झाली, आवाज फारसा ऐकला नाही. पण तो आला नाही तर पहिला फोन त्याला जातो.

झेरॉक्स

मी पुण्यात शिकतो. आम्ही पोरं ‘सहज भेटू’ म्हणत नाही, ते फार सिरियस वाटतं. काहीतरी झालंय, ब्रेकअप वगैरे, असा समोरच्याचा समज होतो. आम्ही म्हणतो, ‘चल ना, झेरॉक्स काढायचीय.’

एका आधार कार्डाच्या झेरॉक्सला आम्ही पाच जण जातो. दुकानदार विचारतो, ‘किती?’ पाच जण एकमेकांकडे बघतात, उत्तर येतं, ‘एक.’ तसंच पेट्रोलला. शंभरचं टाकायचं असतं, पण मागे कुणीतरी बसायला हवं. एटीएममध्ये एकाचा बॅलन्स बघायला चौघं आत घुसतात, बॅलन्स बघतात, आणि गंभीर होऊन बाहेर येतात. केस कापायलाही एकटं जायचं नाही. एक जण कापून घेतो, दोघं मागे बसून न्हाव्याला सूचना देतात. या सगळ्यात जो वेळ जातो तो अभ्यासाच्या वेळेतला असतो, त्यामुळे तो आणखी छान जातो.

आमच्यातला एक आता हैदराबादला नोकरीला लागलाय. पगार चांगला आहे, पण परवा त्याने व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाला, ‘मी झेरॉक्सच्या दुकानात आलोय, एकटाच, थांबा जरा माझ्याबरोबर.’ आम्ही थांबलो. त्याची पॅनकार्डाची कॉपी निघेपर्यंत तिकडच्या दुकानातले रेट वाचत बसलो.

असाच

नागपूर. आमच्याकडे दोस्त दारात दिसला की म्हणतात, ‘कायले आला बे?’ त्याच्यात राग नसते. उत्तर असते, ‘असाच.’ मग दोघं मिळून पोहे खायला जातात. पोह्यावर चण्याची तर्री, वरून कच्चा कांदा. नाक वाहते, डोळे वाहतात, बोलणं होत नाही. खरं सांगू तर बोलाचंही काही नसते.

पैलतीर

मी पणजीत नोकरी करतो, माझा मित्र चोडण बेटावर राहतो. ऑफिस सुटलं की तो रायबंदरहून फेरीबोटीने घरी जातो. मीही कधी कधी चढतो. मला पलीकडे काही काम नसतं. कठड्याला टेकून उभं राहायचं, मांडवी ओलांडायची, तो उतरला की मी तसाच बोटीवर राहायचं आणि परत यायचं. साध्या फेरीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ही चैन परवडते. बोटीवरच्या एकाने मला असं परत जाताना पाहून विचारलं होतं, ‘खंय वता रे?’ मी म्हटलं, ‘खंयच ना.’ तेव्हापासून तो हसून हात करतो.

चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, सगळं खारफुटीचं. संध्याकाळी बगळे तिकडे परतायला लागतात. मित्राला त्यांचं काही नाही, तो जन्मापासून बघतोय. तो भाताबद्दल, त्याच्या शेताच्या बांधाबद्दल बोलतो आणि मी बगळे बघतो. २०२५च्या पावसाळ्यात या मार्गावर रो-रो फेरी आली. वाहनं जास्त घेते आणि लवकर पोचवते. लोकांची सोय झाली हे मान्य. पण आमचा विषय अर्ध्यावर असतानाच धक्का येतो, म्हणून आम्ही दोघं शक्यतो जुन्या बोटीसाठी थांबतो.

आडवे उभे

मी अमरावतीला, ती सोलापूरला. शाळेपासूनच्या मैत्रिणी, दोघींनी सत्तरी ओलांडली. रोज सकाळी शब्दकोड्यासाठी तिचा फोन येतो. दोघींकडे एकच पेपर येतो आणि त्यासाठीच तो घेतो.

‘उंटावरचा, तीन अक्षरी?’
‘शहाणा.’
‘तुला कसं येतं गं?’
‘घरात आहे.’

तिची विधवा जाऊ, माझे गुडघे, तिची नातसून हे सगळं आडव्या-उभ्याच्या मधल्या फटींत येऊन जातं. कधी मुद्दाम ‘कशी आहेस’ विचारत नाही. आवाजावरून कळतं.

पूर्वी एसटीडीचा दर रात्री अकरानंतर पाव व्हायचा. मी मिस्टरांना घेऊन बूथवर जायची, बाहेर रांग. आत शिरलं की डोळा त्या लाल आकड्यांवर. तीन मिनिटांत दोन्ही घरांतली माणसं उरकायची. आता फोनला मोजदाद नाही, तरी आम्ही दहा मिनिटांच्या पुढे जात नाही. सवय.

मला अलीकडे संशय आहे की तिला सगळं कोडं आधीच सुटलेलं असतं. परवा तिची नात म्हणाली, आजी सहाला उठून भरून ठेवते आणि मग खोडते. मी काही बोलले नाही. मीही तेच करते.

रविवारी बंद

जर्मनीतून, श्टुटगार्टजवळच्या एका गावातून. विरजणताई, तुमची वाटी इथेही चालते. इथे मित्राला भेटायचं तर तीन आठवडे आधी तारीख घ्यावी लागते, आणि मराठी माणसंही चारदोन वर्षांत तशीच होतात. पण रविवारी दुकानं बंद असतात. पलीकडच्या रस्त्यावर एक लातूरचं कुटुंब आहे. रविवारी सकाळी आमची कोथिंबीर संपते. दुपारी त्यांची मोहरी संपते. एकदा त्यांच्याकडे मीठ संपलं होतं, तेव्हा मात्र माझी बायको म्हणाली, जरा तरी पटेल असं सांगा.

आणि शनिवारी बाटल्या. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीमागे इथे २५ सेंट अनामत परत मिळते, दुकानातल्या मशीनमध्ये एक एक सरकवायची. मी आणि लातूरकर जोडीने पिशव्या घेऊन जातो. तो सरकवतो, मी मोजतो. मशीन एखादी बाटली नाकारते, मग ती पुसून, उलटी करून, समजूत काढून पुन्हा आत. मिळालेल्या पैशाचं दोघं आईस्क्रीम खातो, थंडी असली तरी. बायकोच्या मते हे एकट्याने दहा मिनिटांत होण्यासारखं काम आहे. तिचं बरोबर आहे.

विशेष काही नाही

मी अजून पोस्टकार्ड टाकतो. ५० पैशांत जातं. मजकूर ठरलेला: ‘विशेष काही नाही. पाऊस बरा. तब्येतीस जपणे.’ मित्राचंही तेच येतं, फक्त पावसाच्या जागी द्राक्षं. आमचा पोस्टमन देता देता सांगतो, ‘विशेष काही नाही म्हणतायत.’

आगटी

बार्शीकडचा शेतकरी आहे. धागा सगळा वाचला. आमच्याकडं पौषात ज्वारी हुरड्याला आली की बोलावणं करावं लागत नाही, वासानंच माणसं बांधावर येतात. जमिनीत छोटा खड्डा घ्यायचा, गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं त्या आरात खुपसायची. भाजली की तळहातावर चोळायची. चटका बसतो, बसू द्यायचा. गुळभेंडीचा हुरडा असला तर नुसता खावा. नाहीतर शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, गुळाचा खडा.

हल्ली शहराजवळ तिकीट लावून हुरडा देतात. ताटात चोळून, पाखडून, मोजून येतो. सोबत झोपाळा, बैलगाडी, फोटो. त्यांच्या धंद्याला नावं ठेवत नाही, चार पैसे शेतकऱ्याला मिळतात ते बरंच आहे. पण आयता चोळलेला हुरडा पाच मिनिटांत संपतो. आगटीभोवती बसलं की एक कणीस भाजेपर्यंत थांबावं लागतं, ते चोळून होईस्तवर दुसरा कुणीतरी पळवतो, मग त्याला शिव्या देण्यात वेळ जातो. दुपारी बसलेली माणसं दिवस मावळला तरी उठत नाहीत. आमच्यात एक जण दरसाल बायकोला सांगून येतो की मोटार जळलीय, दुरुस्त करायला चाललोय. तिला ठाऊक आहे मोटार कुठं आहे ते. येताना म्हणते, ‘मोटारीचं जरा डब्यात घालून आणा.’

इथल्या सगळ्यांना आमंत्रण. चौथी सीट, तुम्हाला पूर्ण जागा देऊ.

सहजच

आमंत्रण आलं म्हणजे सहज उरलं नाही, पण हुरड्यासाठी धागाकर्त्याच्या अधिकारात सूट देत आहे. विरजण, पापड घेऊन या.

आधी फोन करा

मला यायचंय. पण मी निघायच्या आधी फोन केला तर चालेल ना?

आगटी

खुशाल करा. शेतात रेंज नाही.